जातेगावची पाहणी आणि आजचा तरुण अर्थशास्त्रज्ञ

एखाद्या तरुण अर्थशास्त्रज्ञाची ओळख करून देताना आपण त्याच्या पदव्या वाचून दाखवतो. बी.ए. कुठे झाले, पीएच.डी. कोणाच्या मार्गदर्शनाखाली केली, शोधनिबंध किती छापून आले. पण त्याला संशोधनाचा प्रश्न कुठे सापडला, हे या यादीतून कळत नाही. संशोधकाची खरी जडणघडण तिथे होते, असे मला वाटते. हे समजून घ्यायला शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेहून लांब जावे लागत नाही. भारतातल्या ग्रामीण अर्थशास्त्राचे सुरुवातीचे काही धडे याच तालुक्यात गिरवले गेले.

तालुक्यातले करडे हे गाव घ्या. डिसेंबर १८७४ मध्ये इथल्या एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांचे घर पाडायला काढले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. बहिष्काराचे लोण आसपासच्या गावांत पोचले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगल झाली. कर्जरोखे आणि खतपत्रे जाळणे हा या उठावाचा मुख्य हेतू होता. सरकारने आयोग नेमला. कापसाचे भाव चढून कोसळणे, शेतसाऱ्याचा बोजा, सावकाराच्या बाजूने एकतर्फी निकाल देणारी न्यायालये, हे सारे त्याच्या अहवालात आले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुढे नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने या दंगलींचे महत्त्व फुगवले गेले आहे, असे म्हटले. नव्या अभ्यासकाने दोन्ही बाजू वाचाव्यात. सरकारी अहवाल हासुद्धा कोणाच्या तरी नजरेतून लिहिलेला असतो, हे त्यातून ध्यानात येते.

दुसरे गाव जातेगाव बुद्रुक. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरची पाहणी प्रसिद्ध केली होती. १७७१ मध्ये तिथे खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. पण पिंपळे सौदागर पुणे शहराच्या जवळ होते. शहरापासून दूरच्या जिरायती गावाचे काय, हे पाहायला मॅन आणि एन. व्ही. कानिटकर जातेगावला गेले. ती पाहणी १९२१ मध्ये छापली गेली. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते आणि कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीवर ग्रंथ लिहिला. दोघेही शेती महाविद्यालयातून गावात आले होते. जमीन, पीक, कर्ज आणि घरखर्च यांचा हिशेब त्यांनी एकाच मांडणीत घेतला.

याच काळात सत्तावीस वर्षांचा एक अर्थशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने लहान होत गेलेल्या जमिनीच्या याच प्रश्नाशी भिडला होता. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तुकडे झाले म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. आंबेडकरांनी या म्हणण्याचा पायाच तपासला. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. जमिनीला श्रम आणि भांडवल यांची जोड किती आहे, यावर ठरते. खरे दुखणे शेतीवर अडकून पडलेल्या, पुरेसे काम नसलेल्या माणसांचे आहे आणि त्यावरचा उपाय उद्योगीकरण आहे, असे त्यांनी मांडले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला त्यांना डी.एससी. मिळाली.

मॅन-कानिटकरांनी मोजले आणि आंबेडकरांनी अशा मोजणीमागची कल्पनाच तपासली. तरुण अर्थशास्त्रज्ञाला दोन्ही गोष्टी यायला हव्यात. नुसती मोजणी केली तर दारिद्र्याचे आकडे हाती येतात, पण कारण निसटते. नुसता सिद्धान्त हाती असला तर माणसे निसटतात. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. केंब्रिजच्या प्रबंधावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९२४ मध्येच निघाला होता. तरी संस्थेत त्यांनी पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातली शेती, गोदावरी-प्रवरा कालव्यांचा परिणाम असे विषय हाती घेतले. नामवंत विद्यापीठाची पदवी त्यांना बाजार समजून घेण्याच्या आड आली नाही.

आज या भागात चासकमान कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने आहेत, गुंठ्यांवर विकली जाणारी जमीन आहे. आंबेडकरांनी मागितलेले उद्योग शिवारापर्यंत आले. मग शेतीवरचा जादा माणूस त्यांत सामावला का? स्थानिक मुलाला कायम नोकरी मिळते की कंत्राटी? जमीन विकून आलेला पैसा शिक्षणात गेला, धंद्यात गेला की लग्नात आणि गाडीत? सात-बाऱ्यावर घरातल्या बाईचे नाव चढले का? ही उत्तरे दिल्लीच्या नमुना पाहणीत पुरेशी सापडणार नाहीत. ती फेरफाराच्या नोंदींत, सोसायटीच्या कर्जखात्यांत आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांत शोधावी लागतील.

शंभर वर्षांपूर्वी बाहेरच्या अभ्यासकांनी या तालुक्याला अभ्यासविषय केले. आता इथल्या मुलामुलींनी अभ्यासक व्हायला हवे. त्यांना घरातल्या कर्जाची भाषा कळते आणि बांधावरच्या भांडणाचे मूळ ठाऊक असते. संख्याशास्त्र आणि इंग्रजी ग्रंथ मात्र त्यांनी नेटाने शिकलेच पाहिजेत. आपुलकी असली म्हणून हिशेबातली चूक माफ होत नाही. प्राध्यापकांनाही एक विनंती. प्रकल्पाच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेली पाने स्वीकारू नका. विद्यार्थ्यांच्या हाती १९२१ ची पाहणी द्या आणि त्यांना जातेगावला पाठवा. तेच प्रश्न पुन्हा विचारा, त्यांत आजचे प्रश्न घाला आणि निष्कर्ष मराठीत छापून गावासमोर वाचा. इतके करणाऱ्या तरुणाची शैक्षणिक पार्श्वभूमी मी भक्कम मानेन, मग त्याची पदवी कुठल्याही विद्यापीठाची असो.