एंटर दाबण्याआधी

माझा वर्ग सकाळी सातला भरतो. गाव तालुक्याचे, कॉलेज साडेदहाचे, त्यामुळे त्याआधीचा वेळ मुलांच्या हातात असतो. बारा-पंधरा मुलेमुली येतात, बहुतेक मराठी शाळेतून आलेली. समोरच्या पडद्यावर तीन टोकदार खुणा असतात, म्हणजे पायथन ही संगणकाची भाषा पुढच्या ओळीची वाट पाहत असते. या वर्गाला मी एकच नियम घातला आहे. ओळ लिहून झाली की लगेच एंटर दाबायचे नाही. काय उत्तर येईल ते आधी वहीत लिहायचे आणि मग दाबायचे.

परवा 'मराठी' या शब्दाची लांबी पायथनला विचारली. सगळ्यांच्या वहीत ३ होते. म, रा, ठी. पडद्यावर ५ उमटले. वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एक मुलगी बोटांवर मोजत म्हणाली, "मॅडम, म, र, काना, ठ, वेलांटी!" अगदी बरोबर. युनिकोडमध्ये काना-वेलांटीला अक्षरासारखाच स्वतंत्र क्रमांक असतो आणि पायथन ते क्रमांक मोजते. त्यानंतर 'क्षत्रिय'ची लांबी मी विचारली, तेव्हा क आणि त यांचे पाय मोडण्याच्या खुणा धरून बहुतेकांनी वहीत ८ लिहिले, आणि पडद्यावरही ८ आले. आधी वहीत ३ लिहिले नसते, तर ५ पाहून कुणी थबकलेच नसते. आकडा आला, पुढे चला, एवढेच झाले असते.

पायथन शिकण्यातली खरी अडचण मला इथेच दिसते. ही भाषा फार लवकर उत्तर देते. गीडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत तिच्यावर काम सुरू केले आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती लोकांसमोर आली. त्याआधी ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत ते एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते. जे व्यवसायाने प्रोग्रामर नाहीत अशांना शिकता यावी म्हणून ती भाषा घडवली होती. ती फारशी पसरली नाही, पण महिरपी कंसांऐवजी ओळ आत सरकवून रचना दाखवण्याची तिची रीत पायथनमध्ये आली. कमी लिहायचे आणि जे लिहिले ते वाचता यावे, हा तिथला संस्कार पायथनने जपला आहे.

या भाषेचे राखीव शब्द इंग्रजी आहेत, पण अवघे ३५. वहीच्या एका पानात मावतात. "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे," असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी ते पान लिहायला लावते. व्हेरिएबलची नावे तर देवनागरीतही चालतात. २००८मध्ये आलेल्या पायथन ३पासून ती सोय आहे. माझ्या वर्गातली मुले बिनदिक्कत 'किंमत', 'वजन', 'एकूण' अशी नावे ठेवतात. कामावर गेल्यावर त्यांना इंग्रजी नावे ठेवावी लागतील, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या महिन्यात विचार करताना जीभ अडखळू नये, हे मला अधिक मोलाचे वाटते.

एका मुलीने आईच्या बचत गटाचा हिशेब लिहायला घेतला. दोन बायकांचे पन्नास-पन्नास रुपये तिने की-बोर्डवरून भरले आणि बेरीज मागितली. वहीत १०० होते. पडद्यावर आले ५०५०. की-बोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर म्हणून घेते, आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणे. तिने त्यांचे पूर्णांक करून घेतले आणि हिशेब जुळला. तिने आकडे मराठीत टाकले होते, तरी पायथनने त्यांचे पूर्णांक बिनचूक केले. हे पाहून सगळ्या वर्गाला आनंद झाला. मलाही झाला.

पुढची चूक जास्त खोल होती. जानेवारीच्या जमेची यादी तयार होती. फेब्रुवारीत बहुतेकींचे आकडे तेच, म्हणून तिने 'फेब्रुवारी = जानेवारी' अशी एक ओळ लिहिली आणि फेब्रुवारीच्या यादीत एका सभासदाची रक्कम बदलली. मग जानेवारीची यादी पाहिली, तर तिथेही रक्कम बदललेली! ती घाबरली. मागच्या महिन्याचा हिशेब आपल्या हातून बिघडला, असे तिला वाटले.

मी सगळ्यांना संगणकापासून उठवले आणि फळ्याजवळ बोलावले. घरात ज्याला बाळू म्हणतात, तो शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण असतो. बाळूचे केस कापले तर बाळकृष्णाचे वाढलेलेच राहतील का? पायथनमधले नाव म्हणजे वस्तू भरून ठेवायचा डबा नव्हे. ती वस्तूला अडकवलेली चिठ्ठी आहे. 'फेब्रुवारी = जानेवारी' या ओळीने दुसरी यादी बनली नाही, त्याच यादीला दुसरी चिठ्ठी लागली. दुसरी यादी हवी असेल तर तशी प्रत मागून घ्यावी लागते. आणि यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर साधी प्रतही पुरत नाही. आतल्या याद्या दोघींत सामाईकच राहतात.

"पण मॅडम, आकड्यांना असं होत नाही," मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. शंका रास्त होती. अ म्हणजे ५, ब म्हणजे अ, मग ब मध्ये १ मिळवला, तरी अ पाचच राहतो. कारण ५ या आकड्यात काही बदलता येत नाही. ६ हे वेगळे मूल्य तयार होते आणि ब ची चिठ्ठी तिकडे जाते. यादी मात्र जागच्या जागी बदलता येते. बदल वस्तूत झाला की चिठ्ठी दुसरीकडे गेली, एवढे ज्याला ओळखता आले, त्याची पायथनमधली पहिली मोठी पायरी चढून झाली असे मी मानते.

दोन नावांच्या मूल्यांची पायथनमध्ये एका ओळीत अदलाबदल होते: 'अ, ब = ब, अ'. सी भाषेत त्यासाठी सहसा तिसरी तात्पुरती जागा घ्यावी लागते, जसे दूध आणि ताक यांची भांडी बदलायला तिसरे भांडे लागते. पायथनमध्ये उजवीकडची दोन्ही मूल्ये आधी गोळा होतात आणि मग चिठ्ठ्या नव्याने लागतात. एकही वस्तू जागची हलत नाही. या भाषेची ओळ आखूड होते ती अशा समजुतीच्या बळावर, आणि ती समजूत नसलेला विद्यार्थी आखूड ओळी फक्त पाठ करतो.

पायथनला डायनॅमिक भाषा म्हणतात, ते मूल्याचा प्रकार मूल्याकडेच राहतो, नावाला चिकटत नाही म्हणून. एकच नाव आता आकड्याला लावा, थोड्या वेळाने शब्दाला लावा, कुणी अडवत नाही. या मोकळीकीची किंमतही आहे. मजकुरात आकडा मिळवायला गेलात तर पायथन साफ नकार देते, पण तो नकार ती ओळ चालेल तेव्हाच मिळतो. चाळिसाव्या ओळीतली अशी चूक, तिथवर पोचण्याची पाळी येईपर्यंत महिनोन्महिने झोपून राहू शकते. अनेक भाषांत अशा चुका प्रोग्राम चालू होण्याआधीच पकडल्या जातात. इथे ती राखण लिहिणाऱ्यानेच करायची असते.

आता तर मागाल तो प्रोग्राम यंत्रेच लिहून देतात. तो वाचून, जानेवारीचा हिशेब कुठे बिघडेल हे सांगणारे माणूस मला घडवायचे आहे. त्या मुलीने दोन्ही महिन्यांच्या याद्या वेगळ्या केल्या आणि बचत गटाच्या बैठकीत आईने तो हिशेब वाचून दाखवला.

तुमच्या घरी कुणी पायथन शिकत असेल, तर त्याच्या संगणकाशेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवा. संध्याकाळी त्याने किती प्रोग्राम लिहिले हे विचारू नका. आज वहीतले कुठले उत्तर चुकले आणि का, तेवढे विचारा.