हिरवळीच्या खाली

शहरातली एखादी उजाड जागा सुधारायची ठरली की पुढचा क्रम ठरलेला असतो. कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक, कारंजं, अंथरलेली लॉन, शोभेचे पाम आणि उद्घाटनाची कोनशिला. त्या जागेत पूर्वी काय पुरलंय, पावसाचं पाणी कुठून येतं नि कुठे जातं, शेजारच्या नाल्यात कुणाचं सांडपाणी आहे, हे प्रश्न निविदेत क्वचितच येतात. बिघडलेली जमीन खरोखर दुरुस्त करायची असेल, तर सुरुवात याच प्रश्नांपासून करावी लागते, असं माझं ठाम मत आहे. हिरवळीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. कधी कधी तर असलेली हिरवळच आधी काढावी लागते.

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी तेच करावं लागलं. सुमारे ७० हेक्टरांचा तो खडकाळ पट्टा वेड्या बाभळीने व्यापला होता. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मारवाड हिरवा व्हावा म्हणून १९३०च्या दशकात जोधपूरच्या महाराजांनी विमानातून त्याचं बी टाकलं. हेतू चांगलाच होता, पण त्या झाडाने स्थानिक वनस्पतींना पाय ठेवायला जागा उरू दिली नाही. २००६ मध्ये ही जमीन पूर्ववत करायचं काम वृक्षअभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्याकडे आलं. वेडी बाभूळ वरवर तोडली की पुन्हा फुटते. तिचं मूळ जमिनीखाली हातभर खोल जाऊन काढावं लागतं, आणि इथे जमीन म्हणजे ज्वालामुखीचा टणक खडक!

कामी आले ते खंडवालिया, म्हणजे पिढ्यानपिढ्या जोधपूरचा दगड फोडणारे खाणकामगार. हातोडीने खडकावर ठोकायचं, कान देऊन नाद ऐकायचा, त्यावरून आतली भेग कुठे धावते ते ओळखायचं आणि तिथेच छिन्नी लावायची. मूळ निघाल्यावर उरलेला खड्डा वाया जाऊ दिला नाही. बाभळीचं मूळ जिथे उतरलं तिथे खडक भेगाळलेला असणारच. तेव्हा त्याच खड्ड्यांत थोर, कुमठ अशी खडकावर तगणारी मारवाडी झाडं लावली. २०११ मध्ये हा पट्टा उद्यान म्हणून लोकांना खुला झाला. दगड कुठे फुटेल हे कुठल्याही नकाशावर नव्हतं, ते त्या माणसांच्या कानांत होतं. आपल्याकडे वडार समाजाजवळ दगडाचं असंच पिढीजात ज्ञान आहे. खाणींनी पोखरलेल्या टेकड्यांचे आराखडे करताना त्यांना कुणी बोलावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जर्मनीतल्या रूर खोऱ्यातली दुखापत वेगळी होती. डुइसबुर्गच्या मायडेरिष भागातला थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. मागे राहिल्या झोतभट्ट्या, खनिजाच्या प्रचंड कोठ्या आणि जड धातूंनी, डांबरी रसायनांनी नासलेली माती. पाडापाडीला स्थानिक लोकांनी विरोध केला. पुढे पेटर लाट्स या भूदृश्यरचनाकाराने तिथे सुमारे १८० हेक्टरांचं सार्वजनिक उद्यान घडवलं आणि १९९४ मध्ये ते खुलं झालं. लाट्स यांनी कारखाना झाकला नाही. अतिविषारी माती जुन्या कोठ्यांत बंदिस्त केली आणि त्यांच्यावर बागा फुलवल्या. कमी बिघडलेली जमीन तशीच ठेवली. तिथे कोळशाच्या चुऱ्यातही रुजणारे बर्च आणि खनिजाबरोबर परदेशांतून आलेल्या बियांची रोपं आपणहून वाढत होती, ती वाढू दिली. लोखंडाचे ४९ अवजड पत्रे भट्टीजवळच्या चौकात फरशीसारखे बसवले. गंजण्याची, झिजण्याची क्रिया चालूच राहिली आणि तीही लोकांना बघायला मिळाली.

मला मात्र त्या भट्ट्यांपेक्षा तिथल्या पाण्याची व्यवस्था अधिक शिकवून जाते. कारखान्यातून वाहणारा एम्शर नदीचा जुना प्रवाह म्हणजे उघडी गटारगंगा होती. तेही एका कारणाने. कोळसाखाणींमुळे त्या भागातली जमीन खचत राहायची, जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या फुटल्या असत्या, म्हणून पूर्वीच्या अभियंत्यांनी नदीच गटार म्हणून वापरली. खाणी बंद झाल्यावर उद्यानात सांडपाणी जमिनीखालच्या बंद नळातून नेलं आणि वरच्या पात्रात छपरांवरचं, रस्त्यांवरचं पावसाचं पाणी सोडलं. मुख्य एम्शर नदी संपूर्ण सांडपाणीमुक्त व्हायला २०२१ साल उजाडलं. तीस वर्षं आणि अब्जावधी युरो त्यासाठी लागले. एवढा काळ काठावरच्या दिव्यांत नव्हे, तर जमिनीखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या नळांत पैसा घालायची तयारी तिथल्या लोकांनी ठेवली. आपल्याकडे नदीकाठच्या सुशोभीकरणाला पैसा मिळतो आणि मैलापाणी मात्र नदीत येतच राहतं. हा क्रम उलटा आहे, आणि काठावर कितीही काँक्रीट ओतलं तरी त्याने नदी शुद्ध होणार नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं नाही. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी मुंबईचा कचरा पडत होता. त्याच कचऱ्यावर माती घालून झाडं लावली. त्यातलं पहिलं झाड १९८३ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या हातचं. १९९४ पासून हे उद्यान लोकांसाठी खुलं आहे. पावसाचं पाणी तिथल्या तळ्यात साठवलं जातं, काठाला तिवरं आहेत, आणि शाळकरी मुलं वर्गाबाहेर येऊन निसर्ग शिकतात. कोंदट गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांना शेजारीच सावली नि मोकळी हवा मिळावी, हा त्यांचा हक्क मानला पाहिजे.

तरीही धारावीच्या पुनर्विकासाच्या निमित्ताने या जागेवर टांगती तलवार आली आणि पर्यावरणप्रेमींना उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. उद्यान प्रकल्पात नाही, असं तिथे २०२३ मध्ये सांगण्यात आलं. कचऱ्यावर रान उभं करायला चाळीस वर्षं लागली, पण ते ‘मोकळी जमीन’ ठरायला एक कागद पुरतो. म्हणून अशा जागांना कायद्याचं पक्कं संरक्षण हवं, माती-पाण्याच्या तपासणीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला हवा आणि जिथे झाडं जगवणाऱ्या माळ्यांना कंत्राटावर ठेवलं जातं तिथे त्यांना कायम नोकरी हवी. आणि धारावीजवळच्या या उद्यानाच्या बाबतीत, कुंपणापलीकडून वाहणारी मिठी सांडपाणीमुक्त करणं हा त्या उद्यानाच्याच कामाचा राहिलेला भाग समजून हाती घ्यायला हवा.