प्रशिक्षकाच्या माथी येणारा हंगाम

फुटबॉलच्या हंगामात एखादा संघ लागोपाठ तीन सामने हरला की समर्थकांची चर्चा प्रशिक्षकापाशी येऊन थांबते, आणि याचे कारण समर्थकांच्या उतावळ्या स्वभावापेक्षा खेळाच्या व्यवस्थेत अधिक दडलेले आहे. खेळाडूंचे करार अनेक वर्षांचे असतात. नवे खेळाडू घेण्याची मुभा वर्षातून दोनदाच, ठरावीक आठवड्यांपुरती मिळते आणि त्या मुदतीला ‘ट्रान्सफर विंडो’ म्हणतात. मालक बदलणे समर्थकांच्या हाती नसते. कोवळ्या वयातील मुलांना हेरून घडवणारी यंत्रणा उभी राहायला दशकभर जावे लागते. हंगामाच्या ऐन मध्यावर, एका रात्रीत बदलता येईल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे प्रशिक्षक. संघाच्या यशापयशाला तो किती जबाबदार आहे हा प्रश्न वेगळा, आणि त्याला किती सहज हटवता येते हा प्रश्न वेगळा. मैदानाबाहेरच्या वादात मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळून जातात आणि जो हटवता येतो तोच दोषी ठरतो.

याचे टोकाचे रूप अमेरिकेत दिसते. तेथील ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळला जाणारा, प्रामुख्याने हाताने चेंडू फेकण्याचा आणि तो घेऊन धावण्याचा त्यांचा स्वतःचा खेळ होय. नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात, त्यामुळे एकेका पराभवाचे वजन अवाजवी वाढते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला करार संपण्याच्या कितीतरी आधी दूर केले आणि त्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे ओझे पत्करले. त्याच खेळात अलाबामा विद्यापीठाच्या संघाने २००७ साली, प्रशिक्षक निक सेबन यांच्या पहिल्या हंगामात, सात सामने जिंकले आणि सहा गमावले. पुढे त्यांच्याच हाताखाली त्या संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरच निकाल लावला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

भारतात महाविद्यालयीन फुटबॉलला असा प्रेक्षकवर्ग नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्यांतील प्रशिक्षकाच्या डावपेचांवर शहर भांडत नाही. ते भांडण क्लबांच्या वाट्याला आले आहे, आणि ते नीट तपासायचे तर बंगळूरसारखे ठिकाण दुसरे नाही. शहराच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचे होसकोटे हे तालुक्याचे गाव घेतले तरी तेथील फुटबॉलवेड्या माणसाचा अव्वल पातळीवरचा संघ म्हणजे कंठीरव स्टेडियमवर खेळणारा बंगळूर एफसी. सायंकाळचा सामना संपवून इतक्या दूर परतणारा प्रेक्षक मनोरंजनापलीकडचे काही शोधत असतो, आणि म्हणूनच त्याच्या वादाला गंभीरपणे घेणे अगत्याचे आहे.

जेएसडब्ल्यू समूहाने २०१३ साली स्थापन केलेल्या या क्लबने पहिल्याच हंगामात ॲशली वेस्टवूड यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीग ही तेव्हाची देशातील अव्वल लीग जिंकली आणि दोन वर्षांनी ती पुन्हा जिंकली. इतक्या लवकर मिळालेल्या यशामुळे समर्थकांची अपेक्षा कायमची उंचावली, आणि नंतरचा प्रत्येक प्रशिक्षक त्याच अपेक्षेच्या मापाने मोजला गेला. २०१६ साली आलेल्या आल्बेर्त रोका यांनी त्याच वर्षी संघाला एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. ही आशियाई क्लबांची दुसऱ्या स्तरावरची स्पर्धा होती आणि तिच्या अंतिम फेरीत पोहोचणारा हा पहिला भारतीय क्लब. पण पुढच्या आय-लीगमध्ये संघ चौथ्या स्थानी घसरला. क्लबने रोका यांना ठेवले. त्या हंगामाअखेर संघाने फेडरेशन चषक जिंकला, आणि इंडियन सुपर लीगमध्ये गेल्यावर तेथील पहिल्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, १८ सामन्यांत ४० गुण मिळवून गुणतक्त्यात पहिले स्थान पटकावले. रोका यांचे साहाय्यक कार्लेस क्वाद्रात त्यांच्यानंतर मुख्य प्रशिक्षक झाले आणि मार्च २०१९ मध्ये, त्याच लीगच्या मुंबईतील अंतिम सामन्यात, एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या गोलवर संघाने विजेतेपद मिळवले.

त्यानंतरच्या काळातले दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. कोविडमुळे २०२०-२१ चा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर खेळवला गेला. पहिल्या नऊ सामन्यांत बंगळूरने तीन जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, तीन गमावले, म्हणजे १२ गुण मिळवले. पण ते तीनही पराभव लागोपाठचे होते, आणि तिसऱ्या पराभवानंतर जानेवारी २०२१ मध्ये क्वाद्रात यांना निरोप देण्यात आला. नौशाद मूसा यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सूत्रे घेतली. उरलेल्या ११ सामन्यांत संघाला फक्त १० गुण मिळाले आणि तो सातव्या स्थानी राहिला. यात मूसा यांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. खेळाडू तेच होते, सरावाला वेळ नव्हता, आणि आधी घसरलेला आत्मविश्वास प्रशिक्षकाबरोबर निघून जात नाही.

दोन वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, सायमन ग्रेसन प्रशिक्षक असताना परिस्थिती याहून कितीतरी वाईट होती. पहिल्या १२ सामन्यांत आठ पराभव आणि अवघे १० गुण. सप्टेंबरमध्ये जिंकलेला ड्युरँड चषक लोक विसरून गेले होते आणि प्रशिक्षक बदलण्याची मागणी जोरात होती. या वेळी क्लबने बदल केला नाही. शेवटचे आठही साखळी सामने संघाने जिंकले, २४ गुण मिळवले, चौथे स्थान गाठले, आणि अंतिम सामना एटीके मोहन बागानविरुद्ध पेनल्टी शूटआऊटपर्यंत नेला. माणूस एकच, आणि हंगामाचे दोन भाग मात्र दोन निरनिराळ्या संघांचे वाटावेत असे.

या दोन उदाहरणांवरून प्रशिक्षकाला कधीच हटवू नये असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ग्रेसन यांनाच पुढच्या हंगामात, डिसेंबर २०२३ मध्ये, खराब सुरुवातीनंतर जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या जेरार्ड झारागोझा यांच्या काळात तो हंगाम १२ संघांत दहाव्या स्थानी संपला, पण हंगामापूर्वीची पूर्ण तयारी हाती मिळाल्यावर त्यांनीच २०२४-२५ मध्ये संघाला तिसऱ्या स्थानी आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचवले. म्हणजे बदल उपयोगी ठरतो, पण त्याचे फळ दिसते ते नव्या प्रशिक्षकाला खेळाडू निवडायला आणि सराव घडवायला अवधी मिळाल्यावर. मधल्या काळात दिसणारी सुधारणा पुष्कळदा प्रशिक्षकाची नसतेच. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ बास तर वेल यांनी तेथील अव्वल लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांचा अभ्यास करून दाखवले की प्रशिक्षक हटवलेल्या संघांची कामगिरी नंतर सुधारते, पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला त्या संघांचीही ती तशीच सुधारते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात: असाधारण वाईट काळात दुर्दैवाचाही वाटा असतो, आणि दुर्दैव सहसा टिकत नाही. फुटबॉलमध्ये हा वाटा मोठा असतो, कारण सामन्यात गोल दोन-तीनच होतात आणि खांबाला लागून परतलेला एक चेंडू आठवडाभराचे मत ठरवतो. म्हणूनच हल्ली विश्लेषक ‘अपेक्षित गोल’ हे माप वापरतात. संघाने मारलेला प्रत्येक फटका कोणत्या जागेवरून आणि कोणत्या स्थितीत मारला गेला यावरून त्याचे गोलात रूपांतर होण्याची शक्यता काढली जाते, आणि त्या शक्यतांची बेरीज प्रत्यक्ष गोलांशी ताडून पाहिली जाते.

तरीही आकडेमोड जाणणाऱ्यांनी प्रेक्षकाला अडाणी समजण्याचे कारण नाही. २०२२-२३ च्या उत्तरार्धात नेमके काय बदलले हे स्टेडियममध्ये बसणाऱ्याला आकड्यांआधी दिसले असणार. सुनील छेत्रीसारख्या कर्णधाराला अनेक सामन्यांत सुरुवातीला राखीव खेळाडूंमध्ये बसवून २१ वर्षांच्या शिवशक्ती नारायणनला रॉय कृष्णाच्या जोडीला आघाडीवर खेळवले गेले, आणि छेत्रीला प्रतिस्पर्धी दमल्यावर मैदानात उतरवले गेले. केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या बाद फेरीतील सामन्यात जादा वेळेत झटपट मारलेल्या फ्री किकवर त्याने केलेला वादग्रस्त गोल याच योजनेतून आला. ज्या गावाने छेत्रीवर इतके प्रेम केले त्याच गावात त्याला बाहेर बसवण्यासाठी प्रशिक्षकाला केवढे धैर्य लागले असेल! असा निर्णय बरोबर की चूक यावरचा वाद हा खरा फुटबॉलचा वाद, कारण त्यात कोण असावे यापेक्षा काय करावे याचा विचार असतो, आणि पुढचा सामना पाहून तो तपासता येतो.

महाराष्ट्रात या जातीचा वाद कोल्हापुरात ऐकू येतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांत सामना असला की पेठाच्या पेठा गोळा होतात, आणि मैदानावरचा मुलगा प्रेक्षकाच्या ओळखीतला असल्याने टीकाही बारकाव्याची होते: अमक्याचा डावा पाय चालत नाही, तमका दुखापत लपवून खेळतो आहे. बंगळूरसारख्या व्यावसायिक क्लबात खेळाडू परगावचे, प्रशिक्षक परदेशी, आणि खेळाडू कोणी, कशासाठी निवडले ही माहिती बंद दाराआड. उघड्यावर दिसतो तो पत्रकार परिषदेत बसलेला प्रशिक्षक, आणि संशयाचा सारा प्रकाश त्याच्यावरच पडतो.

टीकेचा हक्क प्रेक्षकाचाच आहे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्धच्या ५-० अशा विजयाला जेमतेम प्रेक्षक लाभल्यावर छेत्रीनेच चित्रफितीतून लोकांना विनवले होते की टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये या. पुढच्या सामन्याला स्टेडियम भरले. या हक्काचा उपयोग मात्र आठवड्याच्या निकालापुरता करून चालत नाही. क्लबच्या स्थापनेपासूनच्या दशकभरात प्रशिक्षक आले आणि गेले, खेळाडू आले आणि गेले. पश्चिमेच्या प्रेक्षागारात उभ्याने गाणारे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’चे समर्थक तेवढे राहिले. रोका यांना चौथ्या स्थानावरून मिळालेले दुसरे वर्ष, क्वाद्रात यांना तीन पराभवांनंतर न मिळालेली संधी, ग्रेसन यांना आठ पराभवांनंतर मिळालेली संधी, या सगळ्याची तुलना करू शकेल इतकी लांब स्मृती त्यांच्याकडेच आहे. कार्यालयातील माणसे बदलतात, त्यांची कागदपत्रे बाहेर येत नाहीत. म्हणून हंगामाच्या मध्यावर मालकांना विचारण्याजोगा प्रश्न असा की या प्रशिक्षकाला कोणते खेळाडू दिले, त्यांतील किती त्याने मागितले होते, आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला यापेक्षा वेगळे काय मिळणार आहे.

हा प्रश्न क्लबाच्या दारावर थांबत नाही, हे २०२५ ने दाखवले. १२ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध जादा वेळेत २-१ असा पराभव पत्करून झारागोझा यांचा संघ परतला तेव्हा समर्थकांपुढे नेहमीचे विषय होते: बचावफळी, बदली खेळाडू, पुढच्या वर्षीचा आघाडीपटू. जुलैमध्ये लीगचे आयोजन करणाऱ्या कंपनीने नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे कळवले, कारण भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेल्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचे नूतनीकरण झाले नव्हते, आणि ऑगस्टमध्ये बंगळूर एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि त्यांच्याबरोबरच्या कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवल्याचे जाहीर केले. तो करार २०१० साली १५ वर्षांसाठी झालेला होता. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते आणि कुणालाही ठाऊक करून घेता येण्यासारखे होते. पण या सगळ्या काळात वेस्टवूड, रोका, क्वाद्रात, ग्रेसन आणि झारागोझा यांच्यावर जितके बोलले गेले, त्याचा अल्पसा अंशही त्या तारखेच्या वाट्याला आला नाही.