सांगोवांगीचे औषध

आमच्या शेजारच्या तात्यांच्या पायाचा अंगठा गेल्या वर्षी कापावा लागला. त्यात माझा दोष आहे असे कोणी म्हणत नाही. मी मात्र म्हणतो.

घडले ते असे. मोबाइलवर मला एक मजकूर आला : एकवीस दिवस कारल्याचा रस घ्या, मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या कायमच्या सुटतात. खाली एका डॉक्टरचे नाव आणि पदव्यांची माळ. मी तो तात्यांना धाडला. हेतू चांगला होता. चौकशी मात्र काडीची केली नव्हती. तात्यांनी रस सुरू केला, गोळ्या सोडल्या. साखर वाढत गेली. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. चपलेचा खिळा टोचला तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली. इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाठवलंत, मग खोटं कशाला असेल?"

माझ्या मते तो मजकूर त्या डॉक्टरचा होता. तात्यांच्या लेखी तो माझा होता.

मी मॅट्रिक झालेला माणूस. वैद्यकातले खरेखोटे मी कसे ओळखावे? पुष्कळ विचार केल्यावर वाटू लागले की, आपल्याला विद्येची पारख नसली तरी जबाबदारीची करता येते. सांगणारा कोण, केव्हा सांगतो, कशाच्या आधारावर, त्यात त्याला काय मिळते, आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, एवढे तर आपण पाहू शकतो.

हाफकिनांचे उदाहरण घ्या. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनांवर आला, पदही गेले. पण लशीच्या बाटलीवर क्रमांक होता, कोणती बाटली कोणाला दिली हे सांगता येत होते. म्हणूनच वाद झाला, तपास झाला, आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. शास्त्रही चुकते, शास्त्रज्ञावर अन्यायही होतो. परंतु तेथे चूक शोधत मागे जाता येते. माझ्या हाती आलेल्या मजकुरावर ना तारीख होती, ना पत्ता. त्याच्या मागे जावे तर वाट माझ्याच दारापर्यंत येऊन संपत होती.

मोबाइलवरचे सारेच टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. सरकारी आरोग्य खात्याची आणि जागतिक आरोग्य संघटनेची माहितीही तेथेच मिळते. पण ती बहुधा रुक्ष असते. 'कदाचित' म्हणते, 'डॉक्टरांना विचारा' म्हणते. लबाडाला असे अडखळावे लागत नाही. शिवाय दवाखान्यात आपल्या वाट्याला दोन मिनिटे येतात, आणि हा मजकूर घरच्या माणसासारखा गोड बोलतो. दुखणाइताला तो खरा वाटतो, यात त्याचा काय दोष? दोष पुढे ढकलणाऱ्याचा. जे आपण पुढे धाडतो, त्याखाली आपली सही पडलेली असते.

तात्या आता गोळ्या वेळेवर घेतात. तरीही नवा मजकूर आला की काठी टेकत येतात आणि विचारतात, "मास्तर, हे खरं का हो?"

मी सांगतो, "मला ठाऊक नाही, तात्या. उद्या दवाखान्यात विचारू. मी येतो बरोबर."

वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. पण 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मला फार उशिरा आले.