किमान शिल्लक

नोव्हेंबर हा आमच्या बँकेत जिवंत माणसांनी आपण जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा महिना असतो. पेन्शनर मंडळी रांगेत उभी असतात, खोकत असतात, 'पंखा वाढवा हो' म्हणून ओरडत असतात, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून विचारत असतो, "हयातीचा दाखला आणलात का?"

२०२५ च्या नोव्हेंबरात मुरबाडच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी माझ्यावर उखडलेच. म्हणाले, "अरे, तुला बाकावर उभा केला होता तो मीच. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी म्हटलं, "गुरुजी, तो पुरावा त्या वेळच्या हयातीचा झाला. बँकेला यंदाचा लागतो."

सगळी रांग हसली. मीही हसलो. संध्याकाळी एस.टी.ने किन्हवलीमार्गे शहापूरला घरी पोचेपर्यंत हसत होतो. दारातच हसू थांबलं. कारण घरात आमची ही दाखल्याचाच अभ्यास करत बसली होती.

आमची ही शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, मुलं चौतीस. डी.एड. रीतसर झालेली. २००४ साली शिक्षण सेविका म्हणून लागली, तेव्हा तीन वर्षं महिना तीन हजार रुपये मानधन घेतलं. 'मानधन' या शब्दात मान बराच आणि धन थोडं असतं, हे मला तेव्हा कळलं. एवढं सगळं झाल्यावर, नोकरीच्या एकविसाव्या वर्षी तिला सांगण्यात आलं, की बाई, तुम्ही शिक्षिका आहात हे सिद्ध करा.

गोष्ट अशी आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला २००९ साली आणि अमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या तेविसाव्या कलमात शिक्षकाची किमान पात्रता ठरवायची सोय आहे. त्या सोयीनुसार २३ ऑगस्ट २०१० ला अधिसूचना निघाली, आणि पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टी.ई.टी., आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१३ मध्ये. आधी लागलेल्यांना वाटलं, आपण सुटलो. पण १ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. हिची तेरा उरली होती.

परीक्षा आम्हा बँकवाल्यांनाही असतात. पण आमच्याकडे पास झालं तर पगारवाढ मिळते आणि नापास झालं तर चहाला नेहमीचीच कंपनी मिळते. नोकरी कुठे जात नाही. मी दोनदा बसलो होतो. चहाची कंपनी अजून टिकून आहे.

तर घरात अभ्यास सुरू झाला. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, आणि पास व्हायला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आलं आणि रात्री गाईड उघडून प्रश्न विचारायचंही. बालमानसशास्त्रात पियाजे नावाचे एक स्विस गृहस्थ येतात. मुलांची बुद्धी कशी वाढते ते त्यांनी शोधून काढलं. ही म्हणाली, "त्यांनी घरच्या तीन मुलांचं निरीक्षण केलं ना? माझ्याकडे चौतीस आहेत. मला कोणी स्वित्झर्लंडला बोलावत नाही."

मी पुढचा प्रश्न वाचला. "वर्गात एखादे मूल वारंवार झोपत असेल तर शिक्षकाने प्रथम काय करावे?"

"रात्री जेवलं होतं का ते विचारावं."

"असा पर्याय नाही."

"मग पर्याय चुकलेत."

नियमाप्रमाणे मी तिला शून्य दिलं. देताना हात जरा अडखळला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत चहाच्या वेळी मी जोरदार भाषण केलं. ज्यानं एकवीस वर्षं चूल पेटवली त्याला आता काडी ओढायची परीक्षा! आणि कागदावर शिक्षक घडतो का? भाषणात पुरावा म्हणून मी माझे पहिली ते चौथीचे गुरुजी आणले. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात ते एकटेच अख्खी शाळा चालवत. जुन्या काळी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले. ट्रेनिंगला जायचं राहून गेलं ते गेलंच. पण पावकी, निमकी, अडीचकी त्यांनी अशी घोकून घेतली, की आज कॉम्प्युटर बंद पडला तरी माझा गल्ला जुळतो. पावसाळ्यात ओढा चढला की एकेका पोराला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचे. कुठल्या परीक्षेत ओढा असतो? स्टाफ गहिवरला. मॅनेजरसाहेबांनी चहाचे पैसे दिले, यावरून भाषणाची कल्पना यावी.

या यशानं फुगून मी तेच भाषण रात्री घरी केलं. ही शांतपणे मटार सोलत होती. म्हणाली, "अहो, तुमच्या वर्गात पहिलीला किती मुलं होती?"

"एक्केचाळीस." आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. गुरुजींचीच कृपा.

"आणि चौथी पास किती झाली?"

"एकोणीस."

"बाकीची बावीस?"

मी मटार सोलायला घेतले. दहा रुपये कमी भरले तर आम्ही रात्री आठपर्यंत गल्ला मोजत बसतो. इथे बावीस मुलं कमी भरली होती आणि कोणी दिवासुद्धा लावला नव्हता.

त्या बाविसांतला एक माझ्याच शेजारी बसायचा. कातकऱ्याचा मुलगा. गुरुजींनी काही विचारलं की तो घरच्या बोलीत उत्तर द्यायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. पण गुरुजी म्हणायचे, "माणसासारखं बोल की जरा," आणि वर्ग हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो, कारण मी लाडका विद्यार्थी होतो. दिवाळीनंतर त्याच्या घरचे वीटभट्टीवर गेले आणि तोही गेला. पावसाच्या आधी सगळी परत आली. तो शाळेत आला नाही. भट्टीमुळे शाळा सुटली असं गाव म्हणालं, आणि मीही तसंच समजून राहिलो, कारण ते सोयीचं होतं.

तो आता माझ्या काउंटरवर येतो. पैसे काढायच्या स्लिपवर त्याचा अंगठा मी माझ्या हातानं शाईच्या पॅडवर टेकवतो. तो मला 'साहेब' म्हणतो.

मी हे सांगितल्यावर ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचे गुरुजी वाईट नव्हते हो. मुलाची घरची भाषा तोडली की मूल तुटतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नाही. सांगायचं म्हणून ट्रेनिंग असतं, आणि कळलं की नाही ते बघायचं म्हणून परीक्षा."

"मग तुला राग नाही आला?"

"आला. पण परीक्षेचा नाही. एकवीस वर्षांत खिचडीच्या तांदळाचा हिशोब सगळ्यांनी मागितला. मागे बसून माझा पाठ ऐकला असं मात्र क्वचितच कोणी. आता एकदम दीडशे प्रश्न!"

मी कॉमर्सचा माणूस. तत्त्वज्ञान माझ्या वाट्याला हिशोबाच्या वहीतूनच येतं. त्या रात्री वही उघडून बसलो. दाखला कोणासाठी असतो? मुंबई-ठाण्यातल्या बापाला शिक्षक पसंत पडला नाही तर तो शाळा बदलतो, शिकवणी लावतो, मुख्याध्यापकांशी भांडतो. पाड्यावरच्या बापाला शाळा एकच, गुरुजी बहुधा एकदोनच, आणि ते बरं शिकवतात की वाईट हे तपासायला त्याला स्वतःला वाचता यावं लागतं. ज्याला पारख करता येत नाही त्याच्या वतीनं कोणीतरी पारख करून ठेवायची, एवढाच त्या कागदाचा अर्थ. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडलं होतं: खेड्यातला शिक्षक शिकून तयार झालेला हवा, आणि नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही असा हवा. यातल्या पहिल्या अर्ध्याची आपण परीक्षा घेतो. दुसऱ्या अर्ध्याचा पेपर अजून कोणी काढलेला नाही.

आणि पहिल्या अर्ध्याचा काढला, त्याचं तरी काय झालं? २०१९ च्या टी.ई.टी.त पैसे घेऊन गुण वाढवल्याचं डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आलं. ७,८०० हून अधिक उमेदवारांची नावं निघाली, आणि परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक झाली. नोट खोटी निघाली म्हणून आम्ही नोटा बंद करत नाही, हे खरं. पण खोटी नोट शेवटी ज्याच्या हातात पडते त्याचंच नुकसान होतं, आणि ही नोट पाड्यावरच्या पोराच्या हातात पडणार होती.

शेवटी मला सापडलं ते आमच्याच धंद्यातलं. दाखला म्हणजे किमान शिल्लक. तेवढी असलीच पाहिजे. पण तेवढी आहे म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. माझ्या गुरुजींकडे प्रेमाची ठेव मोठी होती, किमान शिल्लक नव्हती, आणि दंड भरला माझ्या शेजाऱ्यानं. बऱ्याच बँकांनी अलीकडे किमान शिल्लकेची अट काढून टाकली आणि शाळांनी त्याच सुमाराला ती घट्ट धरली, हा योगायोग मी फक्त नोंदवून ठेवतो.

याला अपवाद आमच्याच तालुक्यात आहे. मुरबाडमधल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी साड्या, खांद्याला दप्तर, हातात पाटी. शिकवायला गावातलीच सून. सून हजेरी घेणार आणि सासवा 'हजर' म्हणणार, असा वर्ग पियाजेच्याही नशिबात नव्हता. कायदा सहा ते चौदा वयाचा, त्यामुळे या सुनेला टी.ई.टी. कोणी विचारली नाही. पण आज्यांना विचारायचा हक्क होता. सून नीट बोलली नसती तर त्या पाटी ठेवून घरी गेल्या असत्या. सहा वर्षांच्या पोरालाही घरी जाता येतं, पण त्याचं नुकसान त्याला चाळीस वर्षांनी कळतं.

रविवार, २३ नोव्हेंबरला परीक्षा झाली. केंद्राबाहेर आम्ही नवरेमंडळी डबे आणि पाण्याच्या बाटल्या धरून उभे होतो. पंचेचाळिशीच्या बाया आणि बाप्ये चष्मे वर-खाली करत फळ्यावर आपला नंबर शोधत होते. एकजण म्हणाला, "आता कळलं पोरांना परीक्षेच्या दिवशी ताप का येतो." ही बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "कसा गेला?" तिनं तिच्या विद्यार्थ्यांचंच उत्तर दिलं, "सोपा होता." पुढचं छापायला मला घरातून परवानगी नाही.

सोमवारी माझा शेजारी काउंटरवर आला. मी पॅड पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. म्हटलं, "सही शिकतोस का? चार अक्षरं तर आहेत. जेवणाच्या सुट्टीत ये, मी शिकवतो."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पहिल्यांदाच 'साहेब' गाळून विचारलं, "तुला येतं का शिकवायला?"

रांगेतला कोणीतरी हसला. मी नाही हसलो. प्रश्न त्यानं चाळीस वर्षं उशिरा, पण बरोबर विचारला होता.