पाटी आणि गळ

वाशिष्ठी चिपळूणकडून उतरत येते आणि दाभोळपाशी समुद्राला मिळते. त्या खाडीकाठच्या एका वाडीत बाप गळाने मासे मारायचा आणि आई पाटी डोक्यावर घेऊन ते विकायची. त्यांच्या धाकट्या मुलाला घरात आणि गावात सगळे धाकटाच म्हणत. तो लहानपणापासून बापाच्या होडीत वाढला. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी होणार ते कळतं, हा हिशेब त्याला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी आला. सुकती लागली की खारफुटीच्या मुळांत शिरलेली कोळंबी आणि बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते. पऱ्ह्याच्या तोंडाशी, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला जिताडा तिच्यावर टपून असतो. हे त्याने कितीदा तरी पाहिलं होतं.

पुण्या-मुंबईचे हौशी लोक महागड्या काठ्या आणि रबरी मासे घेऊन कोकणात येऊ लागले, तेव्हा धाकट्याने ठरवलं की आपण त्यांचे वाटाडे व्हायचं. कर्ज काढून इंजिन घेतलं, लाइफ जॅकेटं घेतली, परवान्यासाठी मेरीटाइम बोर्डाच्या कचेरीत खेटे घातले. खाडी त्याला पाठ होती. या धंद्याला आणखी काय लागतं, असं त्याला वाटलं.

पहिला फोन पुण्याहून आला. दोघं मित्र येणार होते, शनिवारीच जमणार होतं.

"जिताडा मिळेल ना?"

"मिळणार म्हणजे मिळणार, साहेब."

त्या शनिवारी अष्टमी होती. अष्टमीला भांग. पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं. खारफुटीच्या मुळांपर्यंत नीट पोचतही नाही. त्यांच्या पऱ्ह्यात अष्टमीला बाप कधी जिताड्यासाठी काठी उचलायचा नाही, घरी बसून दोऱ्या-गऱ्यांची डागडुजी करायचा. धाकट्याला हे माहीत होतं. पण पहिलंच गिऱ्हाईक, हप्ता तोंडावर आलेला, आणि समोरच्याने नाव काढलेला मासा. नवा धंदा सुरू करणाऱ्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो ते ज्याने अनुभवलंय, तो त्याला पटकन दोष देणार नाही.

सकाळी सहाला ते निघाले. पहिल्या पऱ्ह्यावर काही नाही, दुसऱ्यावर नाही. मग धाकटा घाबरला, आणि घाबरलेला माणूस इंजिन चालू करतो. इथून तिथे, तिथून पलीकडे. पेट्रोल जळत राहिलं, उरलेसुरले मासेही आवाजाने बुजले. कुठेच धड तासभर थांबला नाही. पाहुणे सुरुवातीला खाडीबद्दल काय काय विचारत होते. खंड्या दाखव, मगरी कुठे दिसतात ते सांग. धाकट्याचं लक्ष नव्हतं. हळूहळू तेही गप्प झाले.

दुपारी धक्क्यावर परतताना दुसऱ्या एका होडीत रात्रीच्या जाळ्यातला चांगला जिताडा पडलेला दिसला. धाकटा म्हणाला, "साहेब, हा घेऊन देऊ का? फोटो काढा, घरी न्या."

दोघांतला थोरला म्हणाला, "मासा मंडईतही मिळतो हो." मग जरा थांबून विचारलं, "आज पाणी नाही, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

धाकटा खाली बघत राहिला. त्यांनी ठरलेले पैसे पुरते दिले आणि गाडीत बसले. भांडले असते तर बरं झालं असतं.

बापाला विचारून उपयोग नव्हता. बापाने सगळा जन्म माशांशी संबंध ठेवला. त्याला कधी कुणाला काही कबूल करावं लागलं नव्हतं. "तिथी बघायची ना रे," एवढंच तो म्हणाला.

त्याच आठवड्यात आईचा गुडघा धरला म्हणून धाकटा पाटी घेऊन तिच्याबरोबर फिरला. पहिल्याच दारात आई पाटी उतरवायच्या आधी म्हणाली, "वहिनी, घरात माणसं किती आज? कालवण करायचंय का तळायचंय?" त्या बाईंचा डोळा बोंबलांवर होता. आई म्हणाली, "ते नको घेऊस. कालचे हायत. मांदेली घे." बाईंनी मांदेली घेतली, न बघता. पुढच्या घरी पाहुणे यायचे होते, त्यांना पापलेट हवं होतं. "आज नाही. बुधवारी मिळालं तर पहिलं तुझ्याकडे आणते, नाही मिळालं तर सकाळीच निरोप देते." सगळी पाटी दुपारच्या आत रिकामी झाली, शिळे बोंबील तेवढे उरले. ते तिने घरी सुकत घातले.

धाकट्याने हे लहानपणापासून बघितलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. खाडी त्याला बापाने शिकवली होती. गिऱ्हाईक आईला कळत होतं, आणि त्याने घेतलेला धंदा निम्मा तिचा होता.

पुढचा फोन आला तेव्हा त्याने दर सांगायच्या आधी विचारलं, कोण कोण येणार, आधी कधी गळ टाकलाय का, बरोबर पोरंबाळं आहेत का. एक आजोबा नातीला घेऊन येणार होते. आजोबांच्या तोंडी जिताडा होता, पण थोडं बोलल्यावर कळलं की नात नऊ वर्षांची आहे आणि तिने जिवंत मासा हातात धरलेला नाही. धाकट्याने काठाजवळ नांगर टाकला, कोळंबीचं आमिष लावून दिलं, बोटं पाण्यात सोडायची नाहीत हे बजावलं. पोरीने तळहाताएवढं काळुंदर काढलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की काठावरचे बगळे उडाले. आजोबांनी दिवसभरात स्वतःची काठी उघडलीही नाही.

काही फोन मात्र तिथेच तुटले. "शनिवारी अष्टमी आहे, नका येऊ," असं ऐकल्यावर लोक दुसरा वाटाड्या शोधत. हप्ता दोनदा आईच्या पैशांतून गेला. आईने त्यावर काही म्हटलं नाही.

एकदा मुंबईहून एकाने विचारलं, मोठ्यात मोठा जिताडा काढला तर घरी नेता येईल ना? धाकट्याने तेही आधीच सांगून टाकलं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. वजनदार बहुतेक माद्याच. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतात त्या ह्याच. "लहान एखादा खुशाल न्या. मोठी मादी माझ्या होडीतून सोडायची. पटत नसेल तर आत्ताच सांगा, होडीत बसल्यावर वाद नको."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "कधी येऊ?"

धाकट्याने पंचांग उघडलं. "द्वितीयेला या. दीडच्या सुमारास भरती पुरी होईल, मग सुकतीवर संध्याकाळपर्यंत बसू. पाणी चालेल एवढं सांगतो, मासा लागेलच असं सांगत नाही. एक वाजता धक्क्यावर, जेवून या, आणि टोपी आणा."