अश्रुग्रंथी कोणाचे ऐकते?

डोळे कोरडे पडले की आपण औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणतो. अश्रू म्हणजे पाणी, कमी पडले तर वरून घालायचे, हा समज फार जुना. १६६२ साली निल्स स्टेनसेन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने अश्रुग्रंथीच्या नलिका दाखवल्या आणि अश्रू मेंदूतून झिरपतात ही कल्पना मागे पडू लागली. पण ग्रंथी कोणाच्या हुकमात चालते, हे विचारायला विसावे शतक उजाडावे लागले. उत्तर आले तेही दोन वाटांनी, आणि त्या वाटांची एकमेकींशी ओळख नव्हती.

पहिली वाट आहाराची. १९२५ साली हार्वर्डच्या वोल्बाख आणि होवे यांनी जीवनसत्त्व अ नसलेला आहार देऊन उंदीर पाळले आणि त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. श्वासनलिका, मूत्रमार्ग, डोळ्याभोवतीच्या ग्रंथी, सगळीकडे एकच चित्र होते. ओलसर अस्तराच्या जागी कातडीसारखे कडक होत जाणारे थर वाढले होते. १९३३ साली त्यांनी पुढचा भाग प्रसिद्ध केला: जीवनसत्त्व परत मिळाले की हे अस्तर पूर्वपदावर येते. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पेशीने काय व्हायचे हे एकदाच ठरत नाही, तिला ते सतत सांगत राहावे लागते. आपल्याकडे नवव्या महिन्यात बाळाला १ लाख युनिट आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट जीवनसत्त्व अ चमच्याने पाजतात. रातांधळेपणाइतकाच डोळ्याचा हा कोरडेपणाही त्या चमच्याने टळतो. पारदर्शक बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारे रेटिनॉल, म्हणजे जीवनसत्त्व अ, अश्रुग्रंथी अश्रूंतूनच पोचवते, हे १९८०च्या दशकात दिसून आले.

दुसरी वाट त्याच १९३३ सालची, स्टॉकहोमची. हेन्रिक श्योग्रेन या तरुण नेत्रतज्ज्ञाने कोरड्या डोळ्यांच्या १९ रुग्णांवर प्रबंध लिहिला. सगळ्या स्त्रिया, बहुतेकींची पाळी गेलेली. प्रबंधाला पुरेसे गुण मिळाले नाहीत आणि विद्यापीठात शिकवण्याची त्याची वाट बंद झाली. आज तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. हा आजार प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटल्याने होतो, पण तो स्त्रियांनाच इतका का गाठतो, हा प्रश्न उरला. १९८०च्या दशकात बॉस्टनमध्ये डेव्हिड सलिव्हन यांच्या गटाने उंदरांत दाखवले की संरक्षक प्रतिपिंडे अश्रूंत पोचवणारे प्रथिन नरांत जास्त बनते. वृषण काढले की ते घटते आणि टेस्टोस्टेरॉन दिले की पुन्हा वाढते. पापणीच्या कडेला तेल स्रवणाऱ्या मायबोमियन ग्रंथींवरही अँड्रोजेनचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांचा, असाच ताबा असल्याचे पुढे कळले. त्या तेलाचा थर पातळ पडला किंवा तेल आटले, की भरपूर अश्रूसुद्धा उडून जातात.

या दोन वाटा १९८७च्या डिसेंबरात एकत्र आल्या. कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हन्स आणि स्ट्रासबुर्गमध्ये पियेर शांबों यांच्या गटांनी स्वतंत्रपणे रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक शोधला. जीवनसत्त्व अ पासून पेशीत तयार होणारे हे आम्ल ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते ते हे. त्याची रचना टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइड संप्रेरकांच्या ग्राहकांशी जुळणारी निघाली, दोन्ही एकाच कुळातले. दोन्ही पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसून कोणते जनुक वाचायचे ते ठरवतात. आपण एकाला अन्न म्हणतो आणि दुसऱ्याला संप्रेरक. अश्रुग्रंथीच्या पेशीपाशी मात्र दोन्ही हुकूमच.

हुकूम म्हटल्यावर मात्रेचा प्रश्न येतो. जीवनसत्त्व अ कमी पडले तर डोळा कोरडा होतो, आणि मुरुमांवर दिले जाणारे त्याचेच अपत्य आयसोट्रेटिनॉइन घेतले तरी होतो. हे औषध त्वचेतल्या तैलग्रंथी आकसवते. मायबोमियन ग्रंथी त्यांच्याच जातीच्या, म्हणून त्याही आकसतात. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचेही तसेच. पाळी गेल्यावर ते घटते, म्हणून ते दिले की डोळे ओलावतील, असे वाटणे स्वाभाविक होते. २००१ साली अमेरिकेत २५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात उलटेच दिसले. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा ६९ टक्क्यांनी अधिक होती, आणि सोबत प्रोजेस्टिन असेल तर २९ टक्क्यांनी.

कोरडेपणा मोजायला आजही ओटो शिर्मरची १९०३ सालची पट्टी वापरतात. खालच्या पापणीत अडकवलेला शोषक कागद पाच मिनिटांत पाच मिलिमीटरही भिजला नाही तर अश्रू कमी. किती कमी ते पट्टी सांगते, का ते सांगत नाही. पन्नाशीच्या बाईला ‘वयामुळे’ एवढे सांगून थेंब लिहून देणे मला म्हणूनच अपुरे वाटते. पाळी कधी गेली, संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का, मुरुमांचे औषध कधी घेतले होते, एवढे विचारायला दोन मिनिटे लागतात.